वाचकांचे प्रश्न : टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी

गेल्या अंकात डिझेल फिल्टरविषयी लिहिताना "चुकीचे इंधन भरले गेले असेल तर गाडी चालू करू नये" असे एक वाक्य मी ओघात लिहून गेलो होतो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की या वेळचे पान त्याच विषयाला देणे भाग पडले. पत्रे आटोपशीर केली आहेत आणि वाचकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे बारा वर्षे पेट्रोलची गाडी होती. दिवाळीत आम्ही वापरलेली डिझेल गाडी घेतली. गेल्या महिन्यात मुंबईला जाताना महामार्गावरच्या एका पंपावर माझे यजमान सवयीने "टाकी फुल करा" एवढेच बोलले आणि पंपावरच्या मुलाने पेट्रोल भरायला सुरुवात केली. बारा लिटर गेल्यावर बिलाकडे लक्ष गेले. गाडी चालू केलेली नव्हती. तेथील एका अनुभवी ड्रायव्हरने "वरून डिझेलने टाकी भरा, काही होत नाही" असा सल्ला दिला. आम्ही तो मानला नाही, गाडी ढकलून बाजूला घेतली आणि मिस्त्री बोलावून टाकी रिकामी करून घेतली. साडेसहा हजार रुपये खर्च आला. आम्ही उगीच घाबरलो का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळीच नाही. किल्ली फिरवली नाही म्हणूनच हे प्रकरण साडेसहा हजारांत मिटले. डिझेल हे इंजिनाचे जळण तर आहेच, पण टाकीपासून सिलिंडरपर्यंत ज्या भागांतून ते जाते त्या भागांचे वंगणही तेच असते. आजच्या कॉमन रेल इंजिनातील (म्हणजे 'रेल' या एकाच सामाईक नळीतून सर्व सिलिंडरांना डिझेल पुरवणाऱ्या इंजिनातील) उच्च दाबाचा पंप डिझेलवर दीड ते दोन हजार बार इतका दाब आणतो. मोटारीच्या टायरमधील हवा दोन-सव्वादोन बार असते, त्यावरून या आकड्याची कल्पना यावी. त्या पंपाच्या आतील भागांमधली फट मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शात मोजावी लागते आणि तेथे धातूला धातूपासून दूर ठेवणारा थर फक्त डिझेलचा असतो. पेट्रोल हा थर धुऊन काढते. मग पंप स्वतःलाच खाऊ लागतो, त्याचा बारीक कीस पुढे सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरांत जातो, उरलेला परतीच्या नळीने टाकीत येतो आणि तेथून पुन्हा फेरीला निघतो. माझ्या दुकानात असे उघडलेले पंप मी पाहिले आहेत. आतले तेल चांदीची भुकटी मिसळल्यासारखे चमकत असते. अशा वेळी पंप, रेल, इंजेक्टर आणि नळ्या हे सर्व बदलावे लागते आणि मोटारीचे बिलही लाखाच्या पुढे सहज जाते.

त्या ड्रायव्हरने आपल्याला मुद्दाम चुकीचे सांगितले असेल असे मात्र मला वाटत नाही. जुन्या ट्रकांच्या लांबट इनलाइन पंपात आतल्या फिरत्या दांड्यासाठी (कॅमसाठी) वेगळे तेल असे, दाबही आजच्या काही हिश्शांइतकाच असे, आणि डोंगराळ भागातल्या थंडीत डिझेल साकळू नये म्हणून त्यात रॉकेल मिसळण्याची पद्धत होती. त्या पिढीच्या तोंडचे "चालून जाते" हे त्या काळी बऱ्याच अंशी खरे होते. पंचेचाळीस लिटरच्या टाकीत बारा लिटर पेट्रोल म्हणजे पाव टाकीहून अधिक झाले, आणि आजचा पंप ते सोसत नाही.

किल्लीबाबत थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण अनेकांची चूक येथेच होते. "इंजिन चालू केले नाही, नुसता स्विच ऑन करून काटा पाहिला" असे सांगणारे गिऱ्हाईक मला वारंवार भेटते. पुष्कळ गाड्यांत स्विच ऑन होताच टाकीतील विजेवरचा पंप सुरू होऊन इंधन पुढे ढकलतो. म्हणजे काटा पाहण्याच्या नादात पेट्रोल फिल्टरपर्यंत पोहोचलेले असते. गाडी ढकलण्यासाठी स्टिअरिंगचे कुलूप सोडवायचे असेल तर किल्ली पहिल्याच टप्प्यावर थांबवावी. बटणाने सुरू होणारी किंवा ऑटोमॅटिक गाडी असेल तर ती ढकलण्याच्या भानगडीत न पडता टोइंगवाल्याला बोलवावे. पंपावर मागे रांग लागली म्हणून लोक ओरडतील, त्यांना ओरडू द्यावे.

टाकी घरच्या अंगणात रबरी नळी लावून, तोंडाने ओढून रिकामी करण्याचा उद्योग करू नये. डिझेलची वाफ सहसा ३५ अंशांच्या खाली पेट घेत नाही, पेट्रोलची वाफ मात्र उणे ४० अंशांच्या सुमारासही पेट घेऊ शकते. त्यामुळे मिश्रण दिसायला डिझेलसारखे असले तरी स्वभावाने ते पेट्रोलच असते असे समजून वागावे.

खर्चाच्या भरपाईविषयी आपण विचारलेले नाही, तरीही सांगतो. पंपाच्या पावतीवर इंधनाचे नाव आणि वेळ असते, ती जपून ठेवावी आणि यंत्रावरील आकड्याचे छायाचित्र तेथेच काढावे. आपण "डिझेल" म्हणाला असता आणि तरीही पेट्रोल भरले गेले असते, तर चूक सरळ पंपाची होती आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, त्यानेही न भागल्यास दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता आले असते. नुसते "फुल करा" म्हटल्यामुळे आपली बाजू थोडी लंगडी झाली आहे. विमा पॉलिसीच्या रोडसाइड असिस्टन्सच्या कलमांत चुकीच्या इंधनाचा उल्लेख आहे का, तेही वाचून पाहावे. काही पॉलिसींत टोइंगचा आणि टाकी रिकामी करण्याचा खर्च मिळतो.

पंपावर बोलण्याचाही येथे संबंध येतो. नेहमीच्या डिझेलचे सरकारी नाव हाय-स्पीड डिझेल असे आहे आणि भारत पेट्रोलियमच्या महाग पेट्रोलचे नाव 'स्पीड' आहे. इंडियन ऑइलचे 'एक्स्ट्राग्रीन' हे डिझेल आहे, तर 'एक्सपी ९५' हे पेट्रोल. गाड्यांच्या नावांचा घोळ याहून मोठा आहे. वर्षानुवर्षे इनोव्हा म्हणजे डिझेल असे समीकरण पंपावरच्या मुलांच्या डोक्यात बसले आहे. आता क्रिस्टा डिझेलवर चालते आणि हायक्रॉस पेट्रोलवर, आणि दोघींनाही लोक इनोव्हाच म्हणतात. उलट मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्यामुळे नव्या मुलाला स्विफ्ट म्हणजे पेट्रोलच वाटते, आणि जुनी डिझेल स्विफ्ट घेऊन आलेला माणूस काचेआड मोबाइलवर बोलत बसलेला असतो. म्हणून कंपनीचे नाव नको, गाडीचे नाव नको. खाली उतरावे, झाकण स्वतः उघडावे, "डिझेल, दोन हजारांचे" असे स्पष्ट सांगावे आणि यंत्रावर इंधनाचे नाव पाहूनच नोझल टाकीत जाऊ द्यावी. साधी नोझल मिनिटाला चाळीसेक लिटर ओतते; आपले बारा लिटर जायला अठरा-वीस सेकंदच लागले असतील.

प्रश्न : माझे बीएस-६ चे (धुराच्या नव्या सरकारी मानकाचे) दोन ट्रक आहेत. नव्या क्लीनरने रात्री युरियाची बादली डिझेलच्या टाकीत ओतली; साधारण सहा-सात लिटर गेले असावे. ड्रायव्हरला माहीत नसल्याने त्याने गाडी सुरू केली, पार्किंगच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेली आणि तेथे ती बंद पडली. मिस्त्री म्हणतो की टाकीचा खालचा नट काढून पाणी सोडू, फिल्टर बदलू आणि चालवू. दुसऱ्या एकाने युरियाची कटकटच नको म्हणून बायपासचा डबा बसवून देण्याची तयारी दाखवली आहे. काय करावे? — एक ट्रकमालक, कळंबोली

उत्तर : ट्रक जेथे उभा आहे तेथेच उभा ठेवावा आणि पुन्हा सेल्फ मारू नये. पेट्रोल-डिझेलच्या गल्लतीपेक्षा ही चूक अधिक वाईट आहे आणि दुर्दैवाने ट्रकांत तीच अधिक घडते.

ज्याला आपण युरिया म्हणतो ते डेफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड) म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि उरलेले क्षारविरहित पाणी. ते इंजिनात जाण्यासाठी नसतेच. सायलेन्सरच्या वाटेवर धुरात ते फवारले जाते, उष्णतेने त्याचा अमोनिया होतो आणि धुरातील नायट्रोजनची घातक ऑक्साइडे त्याच्याशी संयोग पावून साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ होऊन बाहेर पडतात. आपल्या क्लीनरला हे कोणी सांगितले नसणार. डिझेलमध्ये मिसळायचे एखादे औषध असावे अशीच त्याची समजूत झाली असेल, आणि "युरिया टाक" एवढ्या हुकमावरून तशी समजूत होणे अगदी स्वाभाविक आहे.

हे द्रावण डिझेलमध्ये मिसळत नाही. लिटरभर डेफ सुमारे १ किलो ९० ग्रॅम भरते आणि लिटरभर डिझेल ८३० ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे डेफ थेट तळाशी जाऊन बसते. आणि इंधन ओढणाऱ्या नळीचे तोंडही तळाशीच असते. म्हणजे तीनशे लिटरच्या टाकीत सात लिटर हे प्रमाण कितीही क्षुल्लक वाटले, तरी इंजिन पहिल्याप्रथम ओढते ते तेच. पाणी वंगण देत नाही, युरियाचे द्रावण तांबे, पितळ, अॅल्युमिनियम आणि साधे पोलाद खाते, आणि गरम भागांवर पाणी उडून गेले की मागे युरियाचे पांढरे खडे राहतात. इंजेक्टरच्या केसाएवढ्या छिद्रांत हे खडे बसले की ते साफ करण्यात अर्थ उरत नाही.

आपला मिस्त्री सांगतो तेवढ्याने काम भागले असते, जर इंजिन सुरू झालेच नसते. आणि तेव्हाही नुसते तळाचे पाणी सोडून नव्हे, तर टाकी उतरवून, गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, मगच बसवायला हवी होती. डेफ पाण्यात विरघळते, डिझेलमध्ये नाही, म्हणून टाकी डिझेलने खळबळून काही साधत नाही. आता गाडी चालून बंद पडली आहे, त्या अर्थी द्रावण फिल्टरच्या पलीकडे गेले असे धरून चालावे. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पंप आणि इंजेक्टर उघडून पाहू द्यावेत आणि परतीच्या नळ्याही तपासून घ्याव्यात. खर्चाचा आकडा ऐकून जीव कासावीस होईल, परंतु अर्धवट दुरुस्ती करून माल भरलेली गाडी बोरघाटात बंद पडण्यापेक्षा तो बरा.

बायपासच्या डब्याला माझा स्पष्ट नकार आहे. तो डबा युरिया फवारला जात असल्याची खोटी खूण इंजिनाच्या संगणकाला देतो आणि बीएस-६ गाडी धुराच्या बाबतीत बीएस-६ राहत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ प्रमाणे असा अवैध फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. शिवाय, क्लीनरने चुकीच्या टाकीत बादली ओतली म्हणून दुसरी टाकीच बिनकामाची करून टाकणे हा उपाय तरी कसला?

दोन्ही टाक्यांची चूक थांबवणारी रचना मुळात गाडीत आहे. डेफच्या टाकीचे झाकण निळे असते आणि तोंड इतके अरुंद, की डिझेलची नोझल त्यात जात नाही, कारण डेफच्या यंत्राची नोझल १९ मिलिमीटरची असते. पण ही सोय एकाच बाजूने काम करते. बारीक नोझल डिझेलच्या रुंद तोंडात निर्धास्त शिरते. तिलाही अडवण्यासाठी डेफ टाकीच्या गळ्यात चुंबकाची कडी आणि नोझलमध्ये तो चुंबक ओळखणारी झडप अशी जोडी निघाली आहे. चुंबक जाणवला नाही तर नोझल थेंबही सोडत नाही. आपल्याकडची अडचण अशी, की डेफ बहुतेक ठिकाणी यंत्राने नव्हे, बादलीने भरले जाते, आणि बादलीला ना झडप ना चुंबक. म्हणून आपल्यासारख्या मालकांनी डिझेलच्या टाकीला किल्लीचे झाकण लावावे, ती किल्ली ड्रायव्हरकडे ठेवावी आणि डेफ भरण्याचे काम क्लीनरकडे असले तरी डिझेलचे झाकण त्याच्याने उघडूच नये अशी व्यवस्था करावी. माझ्या मते या एका कुलपाइतका उपयोगी दुसरा सामान बाजारात नाही. दोन्ही टाक्यांवर मोठ्या अक्षरांत, क्लीनरला वाचता येणाऱ्या भाषेत, डिझेल आणि युरिया असे रंगवून घ्यावे. कळंबोलीत गाडीवर फुले, मोर आणि "पुन्हा भेटू" रंगवणारे पेंटर हे काम पाच मिनिटांत करतात.

डेफची नरसाळी वेगळी आणि प्लास्टिकची असावी. डिझेलच्या नरसाळ्याने डेफ ओतले तर उलटी चूक होते. डेफच्या टाकीत थोडेसे तेल गेले तरी ते वर तरंगते, रबरी सीलांना फुगवते आणि पुढचा, धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक खराब करते. बादल्या केबिनच्या टपावर उन्हात ठेवू नयेत. ३० अंशांपर्यंत डेफ साधारण वर्षभर टिकते, ३५ अंशांना जेमतेम सहा महिने. विदर्भातल्या मे महिन्याचा हिशेब आपणच करावा.

प्रश्न : गोव्यात आम्ही स्वतः चालवण्यासाठी भाड्याने पेट्रोल मोटार घेतली होती. चुकून डिझेल भरले गेले. दोन किलोमीटर गेल्यावर धूर निघू लागला आणि गाडी थांबली. मालकाने "इंजिन गेले" म्हणून मोठी रक्कम मागितली. — एक वाचक, सोलापूर

उत्तर : पेट्रोल गाडीत डिझेल गेल्यास गाडी धूर सोडते, खोकते आणि बंद पडते, परंतु इंजिन जाण्याचा संभव कमी असतो, कारण तेलकट डिझेल भागांना खरवडत नाही. टाकी आणि नळ्या साफ करणे, फिल्टर व स्पार्क प्लग बदलणे, इंजेक्टर स्वच्छ करणे एवढ्यावर बहुधा भागते. फार अंतर रेटली असती तर धुराच्या वाटेवरील उत्प्रेरक आणि सेन्सर बिघडले असते. दोन किलोमीटरमध्ये तसे झाल्याचे वर्कशॉपने लेखी दिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पुढच्या वेळी गाडी ताब्यात घेतानाच झाकणाच्या आतल्या बाजूचा मजकूर वाचून घ्यावा.

प्रश्न : डिझेल गाडीच्या टाकीच्या तोंडात बसवण्याचे एक साधन मिळते, त्यामुळे पेट्रोलची नोझल आत जातच नाही असे विक्रेता सांगतो. घ्यावे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : कल्पना खरी आहे. पेट्रोलची नोझल बाहेरून सुमारे २१ मिलिमीटर जाड असते आणि डिझेलची २४ ते २५. या साधनात समोरासमोर दोन खिट्ट्या असतात. दोन्ही एकाच वेळी बाहेर ढकलल्या गेल्या तरच आतली झडप उघडते, आणि ते काम जाड नोझलच करू शकते. काही परदेशी बनावटीच्या डिझेल गाड्यांत हीच रचना कंपनीकडूनच बसून येते, म्हणून आधी आपल्या गाडीत ती आहे का ते हँडबुकमध्ये पाहावे. असलेल्या खिट्टीवर दुसरी खिट्टी बसवणारे महाभागही मी पाहिले आहेत.

नसेल, तर घेण्यापूर्वी एक दोरा किंवा कॅलिपर घेऊन आपल्या नेहमीच्या दोन-तीन पंपांवर परवानगीने डिझेलच्या नोझलची जाडी मोजावी. साधन फक्त जाडी ओळखते, इंधन नव्हे. एखाद्या पंपाने दुरुस्तीत डिझेलला बारीक नोझल लावली असेल तर ते बरोबर इंधनालाच दार बंद करील आणि रात्री अकरा वाजता, मुले मागे झोपलेली असताना, आपण पंपावर साधन उपसत बसाल. गाडी घरातल्या एकाच माणसाच्या हाती असेल तर मला त्याची फारशी गरज वाटत नाही. घरात एक पेट्रोल आणि एक डिझेल अशा दोन गाड्या असतील, किंवा ड्रायव्हर बदलत असतील, तर जरूर घ्यावे. झाकण उघडताच "फक्त डिझेल" असे बोलून दाखवणारी झाकणेही मिळतात. त्यांची बॅटरी कधी संपली हे कोणाच्याच लक्षात येत नाही.

प्रश्न : नव्या नंबरप्लेटबरोबर काचेवर लावायचे रंगीत स्टिकर मिळाले. माझे निळे आहे आणि शेजाऱ्यांचे नारिंगी. पंपावर ते पाहून इंधन भरतात का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : रंगांचा अर्थ तोच आहे : निळे म्हणजे पेट्रोल किंवा सीएनजी, नारिंगी म्हणजे डिझेल, आणि वर एक सेंटिमीटरची हिरवी पट्टी असेल तर गाडी बीएस-६. मात्र ते स्टिकर पुढच्या काचेवर असते आणि पंपावरचा मुलगा मागच्या बगलेला, टाकीजवळ उभा असतो. तो पुढे येऊन पाहत नाही. शिवाय ट्रकवर निळे झाकण म्हणजे डेफ, त्यामुळे नुसत्या रंगावर विसंबणे धोक्याचे आहे. झाकणाच्या आतील बाजूस इंधनाचे नाव लिहिलेला स्टिकर वीस-तीस रुपयांत मिळतो. तेलाने पुसला जाणार नाही असा घ्यावा.

प्रश्न : धाब्यावर थांबलो की रात्री डिझेल चोरीला जाते. टाकीच्या गळ्यात जाळी आणि वर कुलुपाचे झाकण बसवले. तेव्हापासून डिझेल भरताना नोझल सारखी बंद पडते आणि चढावर गाडी ओढत नाही. जाळीतून कचरा गेला असेल का? — एक ट्रकचालक, जालना

उत्तर : आपल्या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते; तेथपर्यंत इंधन किंवा फेस पोहोचला की नोझल आपोआप बंद होते. जाळी बारीक असल्याने डिझेल तिच्यावर आपटून फेसाळते आणि टाकी अर्धी रिकामी असतानाच नोझलला ती भरल्यासारखी वाटते. जोराने ओतणाऱ्या जाड नोझलऐवजी डिझेलची साधी नोझल लावावी, ती थोडी बाहेर ओढून तिरकी धरावी आणि सावकाश भरावे. तरीही होत असेल तर मोठ्या छिद्रांची, खाली कोनासारखी निमुळती जाळी घ्यावी. चोराची नळी अडवायला बोट न जाण्याएवढी छिद्रे पुरतात.

चढावर गाडी न ओढण्याचे कारण माझ्या मते झाकण आहे. टाकीतून डिझेल जसजसे कमी होते तसतशी त्याच्या जागी हवा आत यावी लागते आणि कित्येक गाड्यांत ती वाट झाकणातच असते. स्वस्तातल्या कुलुपाच्या झाकणांना ही वाट नसते किंवा धुळीने बुजते. मग टाकीत पोकळी तयार होते, पंपाला डिझेल ओढवत नाही, आणि पत्र्याची टाकी असेल तर ती आत खेचली जाऊन चेपतेसुद्धा. पुढच्या वेळी गाडी ओढेनाशी झाली की बाजूला घेऊन झाकण सैल करावे. फुस्स असा आवाज करून हवा आत गेली आणि गाडी पुन्हा नीट चालू लागली, तर फिल्टर बदलण्याचे पैसे वाचवावेत आणि हवेची वाट असलेले, आपल्या गाडीच्याच मापाचे झाकण घ्यावे.